टेसमरची वेळ

एकोणीसशे सव्वीस साली जर्मनीतल्या नाइसे गावात कुणी उशिरा आलं, की म्हणत, "आला बघा टेसमर." प्रशियन डिव्हिजनच्या माजी सैनिकांच्या बैठकीत तर बियरच्या पहिल्या पेल्याबरोबर हा विनोद ठरलेलाच. कॅप्टन क्यूनास्टही हसायचे. आता तेच डिव्हिजनचा इतिहास लिहायला बसले होते आणि गाडी नेमकी अठरा साली महायुद्धात सार्जंट टेसमर पडला त्या टेकडीपाशी अडली होती.

एका दुपारी टेसमरची विधवा हेडविग आलुबुखारचा केक घेऊन आली.

"कॅप्टनसाहेब, आमच्या ह्यांचं काय लिहिताय?"

"मुख्यालयाच्या रोजनिशीत आहे तेच, बाई. तुकडी उशिरा पोचली."

"हे माणूस चर्चमध्येसुद्धा अर्धा तास आधी जाऊन बसायचं. लेकीची सासू तिला ऐकवते, उशीर तुमच्या रक्तातच आहे म्हणून. एवढं खोडा हो."

क्यूनास्ट खिडकीशी गेले. रोजनिशी त्यांच्याच अक्षरातली. मुख्यालयाची रीतच तशी होती: हल्ल्याची ठरलेली वेळ आधीच लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे वरिष्ठांना तार लवकर जाते. त्या दिवशीही त्यांनी आधीच लिहिलं, 'सहा वाजता टेकडीवरची गिरणी घेतली.' त्या तारेवर विसंबून आपल्या तोफा थांबल्या. गिरणी अजून शत्रूकडेच होती आणि टेसमरची माणसं उघड्या रानात. संध्याकाळी वही खरी ठरवायची, तर कुणाला तरी उशीर होणं भाग होतं.

"तो वेळेवर होता, बाई. मीच आधी लिहून टाकलं होतं."

केक कापायला घेतलेली सुरी हेडविगने खाली ठेवली. "आठ वर्षं ठाऊक होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि बैठकीत हसत होता?"

त्यांना मान वर करवेना. लाज वाटली, नुसती लाज.

"पुस्तकात लिहा काय ते," ती म्हणाली. "पण पुस्तकं कपाटात जातात. तोंडं बैठकीत सुटतात, तिथंच जाऊन बोला."

केक न कापताच ठेवून ती गेली.

रविवारी क्यूनास्टांनी बैठकीच्या सभागृहाभोवती तीन चकरा मारल्या. आत शिरले तेव्हा बैठक सुरू झाली होती.

"आला बघा टेसमर," कोपऱ्यातून कुणी म्हणालं. सगळे हसले.

क्यूनास्टांनी टोपी काढली आणि दाराशीच उभे राहिले.

"टेसमर वेळेवर होता," ते म्हणाले. "खोटी वेळ मी लिहिली. उशीर मला झाला, आठ वर्षं."