तीस मिनिटांच्या पुढे

मित्रांनो, एका शाळेच्या खेळाच्या सरांच्या गळ्यात बावीस वर्षं लोंबकळलेलं मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. मला बॅटरी लागत नाही. डोक्यावरची कळ बोटांनी फिरवली की मला चावी बसते. तीच कळ दाबली की मी चालू लागतो, पुन्हा दाबली की थांबतो. माझा लांब काटा सेकंद मोजतो. मिनिटांसाठी वरच्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढी एक छोटी तबकडी आहे. तिच्यावर तीसच मिनिटं मावतात. तीस झाली की काटा मुकाट्याने पुन्हा शून्यावरून सुरुवात करतो.

एका कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी मला जोडलं. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी श्वास रोखून माझी केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ऐक गं, कसं खणखणीत बोलतंय!" एवढं कौतुक पदरात घेऊन मी शाळेत आलो.

शाळेतली माझी खोली जिन्याखाली होती. तिथे हवा गेलेले फुटबॉल, गुंडाळलेल्या चटया आणि मैदानावर रेघा आखायच्या फक्कीचं पोतं होतं. फक्कीची पांढरी धूळ सगळ्यांच्या नाकातोंडात जायची. सर मला मात्र खिळ्यावर टांगायचे आणि रोज सकाळी न चुकता पुसायचे.

सरांचा जीव मुलींच्या क्रॉसकंट्री संघात होता. क्रॉसकंट्री म्हणजे मैदान सोडून बांधावरून, टेकडीवरून आणि ओढ्यातून पळायची पाच किलोमीटरची शर्यत. एका संघात सहा मुली पळतात. त्यांतल्या पहिल्या पाच जणींचे क्रमांक धरतात. पाचपेक्षा कमी पोचल्या तर अख्खा संघ बाद.

मुली टेकडीआड दिसेनाशा झाल्या की मी सरांच्या मुठीत टिकटिकत बसायचो. पलीकडे काय असेल? ओढा केवढा असेल? मला फार कुतूहल वाटायचं. मग पहिली मुलगी यायची, दुसरी यायची. पाचवी आली की सर कळ दाबायचे, "बाकीच्या येतील सावकाश," म्हणायचे आणि मला खिशात टाकायचे. खिशाच्या अंधारात मला मागून येणारी पावलं ऐकू यायची. ती पावलं किती वेळाने आली, हे मला कधीच कळलं नाही.

मी शाळेत येऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा संघात एक नवी मुलगी आली. तिचं पळणं बघून सगळ्यांनी तिला निवांत म्हणायला सुरुवात केली. रोज सगळ्यांत शेवटी येणारी ही मुलगी एक दिवस धापा टाकत सरांसमोर उभी राहिली.

"सर, माझी वेळ किती?"

"तुझी? अगं, घड्याळ केव्हाच थांबवलंय."

"मग मी किती वेळ पळाले, ते कुणालाच माहीत नाही?"

सरांनी मला खिशातून काढून पाहिलं आणि पुन्हा खिशात टाकलं. पण दुसऱ्या दिवशी पाचवी मुलगी आली आणि सरांचं बोट कळेवर आलंच नाही. मी चालत राहिलो. पंचवीस मिनिटं झाली, तीस झाली. माझा काटा शून्यावर गेला आणि पुन्हा चढायला लागला. निवांत पोचली तेव्हा संघाची कप्तान माझ्यावर वाकली आणि ओरडली, "चार मिनिटं दहा सेकंद! निवांत, विश्वविक्रम!"

सगळ्या जणी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. निवांतही पोट धरून हसली. मग तिने सरांकडून पेन्सिल घेतली आणि त्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'चौतीस मिनिटं, दहा सेकंद.'

पुढे शाळेला पंधरा दिवसांची सुटी लागली. निवांतने मला घरी न्यायची परवानगी मागितली.

"हरवलंस तर?" सर म्हणाले.

"मी शेवटची असते, सर. कुणाचं काही पडलं तर तेसुद्धा मीच उचलून आणते."

तिचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आईचं शिवणयंत्र होतं आणि भोवती अर्धवट शिवलेल्या गणवेशांचा ढीग. बाबा बसचालक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि लेकीला विचारलं, "तू पळतेस कशी, ते सांग बघू."

"सगळ्यांच्या बरोबर निघते. ओढ्यापर्यंत टिकते. मग दम लागतो, मग चालते."

"म्हणजे पहिल्याच थांब्याला घाई करतेस. माझी गाडी काही जोरात जात नाही बाई, पण लोक तिच्यावर घड्याळं लावतात. कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचायचं, ते आधी ठरव."

"तुमच्या गाडीला इंजीन आहे," आई दातांत धागा धरून म्हणाली. "पोरीला आधी दोन घास खाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत मला मुठीत धरून त्या वाटेने पळाली. मित्रांनो, अठरा वर्षांनी मी टेकडीपलीकडे गेलो! तिथे गवतात बुडालेली एक मोडकी गाडी होती, तिच्या बोनेटवर बकरी चढून बसली होती. ओढा मला वाटला होता त्याहून लहान निघाला, चार उड्यांत संपणारा, पण त्याचे दगड शेवाळाने गुळगुळीत झाले होते. एक म्हातारे गृहस्थ कुंपणाशी दात घासत उभे होते. ते म्हणाले, "आज हातात काय आणलंस?" म्हणजे ते तिला ओळखत होते! पुढे पळणाऱ्या मुली धुरळा उडवत निघून जायच्या. निवांत यायची तोवर धुरळा खाली बसलेला असायचा आणि तिला सगळं दिसायचं.

तिने वाटेवर आपले थांबे ठरवले. मोडक्या गाडीपाशी नऊ मिनिटं, ओढ्यापाशी सोळा, म्हाताऱ्यांच्या कुंपणापाशी तेवीस. सुरुवातीला मुद्दाम हळू निघायचं आणि शेवटपर्यंत चालायचं नाही. पहिल्या आठवड्यात बत्तीस मिनिटं लागली. सुटी संपली तेव्हा तीस मिनिटं वीस सेकंद झाली, आणि मग रोज तेवढीच, दोन-चार सेकंद इकडेतिकडे. त्याहून लवकर काही केल्या होईना. पण सर वही बघून म्हणाले, "ही पोरगी म्हणजे दुसरं घड्याळच झालंय."

मग आंतरशालेय शर्यतीचा दिवस उजाडला. बारा शाळांच्या मुली आल्या होत्या. बंदुकीचा बार झाला, सरांनी कळ दाबली आणि घोळका टेकडीआड गेला.

तेविसाव्या मिनिटापासून आमच्या मुली यायला लागल्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पण कप्तानचा पत्ता नव्हता. एरवी ती सगळ्यांच्या पुढे असायची.

"कप्तान कुठाय?" सरांनी चौथीला विचारलं.

"ओढ्यात घसरली, सर. पाय मुरगळलाय. तिला उचलून आणतायत."

सरांची मूठ घट्ट झाली. आता पाचवी म्हणजे निवांत. ती आली तर संघ, नाहीतर काही नाही.

अठ्ठावीस मिनिटं दहा सेकंद झाले तेव्हा नोंद करणाऱ्या बाईंनी फळ्यावरचे कागद गोळा करायला घेतले. दोन माणसं रेषेवरची दोरी गुंडाळू लागली. मुलग्यांची शर्यत सुरू व्हायची होती.

"बाई, थांबा. आमची एक मुलगी यायची आहे," सर म्हणाले.

"आणखी किती वेळ लागेल?"

"दोन मिनिटं दहा सेकंद."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इतकं नेमकं कसं सांगता?"

"वहीत लिहिलेलं आहे."

बाई थांबल्या. तीस मिनिटं झाली, माझा काटा शून्यावर आला. दहा सेकंद, वीस सेकंद. टेकडीची वाट रिकामीच होती.

"झाली की तुमची दोन मिनिटं," बाई म्हणाल्या.

सर टाचा उंचावून वाटेकडे बघत राहिले. त्यांच्या अंगठ्याचा घाम माझ्या काचेवर उतरला होता. आणि मग ती टेकडीवरून खाली येताना दिसली. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेला, पण पावलं नेहमीसारखीच, ना कमी ना जास्त. आमच्या चारही मुली घसा फुटेस्तोवर ओरडत होत्या. निवांतने रेषा ओलांडली, तेव्हा तीस मिनिटं चव्वेचाळीस सेकंद झाले होते.

"चोवीस सेकंद कुठे घालवलेस?" सरांनी विचारलं.

"कप्तानपाशी थांबले होते. तिनेच हाकललं मला. म्हणाली, तू आता पाचवी आहेस, नीघ."

सरांचा अंगठा कळेकडे गेला. तशी निवांत घाईघाईने म्हणाली, "थांबवू नका, सर! माझ्या मागे एक आहे. लाल बनियनवाली. कुंपणापाशी चालत होती."

"ती आपल्या शाळेची नाही गं."

"पण आहे ना मागे!"

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सुस्कारा टाकला आणि दोरीवाल्यांना हाताने थांबायची खूण केली. सगळे उभे राहिले. मी पुढे चालत राहिलो. जवळजवळ साडेचार मिनिटांनी लाल बनियन घातलेली एक लहानखुरी मुलगी खाली मान घालून आली. तिच्या शाळेच्या मुली केव्हाच पाणी प्यायला गेल्या होत्या. समोर एवढी माणसं बघून ती दचकलीच. निवांतने माझ्यावरची वेळ वाचली. "पस्तीस मिनिटं, सहा सेकंद."

"माझी वेळ घ्यायला कुणी सांगितलं होतं?" ती संशयाने म्हणाली.

"कुणीच नाही," निवांत म्हणाली आणि आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

आमचा संघ बारांमध्ये नववा आला. बक्षीस मिळालं नाही, पण संघ यादीत राहिला. त्या दिवसापासून सरांच्या वहीत दुसऱ्या शाळांच्या मागे राहिलेल्या मुलींच्याही वेळा येऊ लागल्या.

त्यानंतर चार वर्षांनी आकडे दाखवणारी घड्याळं आली आणि सर निवृत्त झाले. मला एका ड्रॉवरमध्ये ठेवलंय. चावी कुणी देत नाही, त्यामुळे माझी चाकं आखडत चालली आहेत. तुमच्या शाळेतही असं एखादं जुनं घड्याळ असेल, तर आठवड्यातून एकदा त्याला हलक्या हाताने चावी द्या.

आणि आणखी एक काम कराल का? आधीच्या अठरा वर्षांत किती तरी मुली मी थांबल्यानंतर पोचल्या. त्यांच्या वेळा आता कुठेच सापडणार नाहीत. त्यांच्यातली एखादी तुमची आई असेल, आत्या असेल, मावशी असेल. घरी विचारून बघा. किती मिनिटं लागली, ते त्यांना आठवणार नाही. पण वाटेत काय काय दिसलं, ते नक्की आठवेल. मला ते सगळं ऐकायचं आहे.