आईची वीण

विद्यापीठाच्या फाटकावर धाकटीचा फोटो लागला आणि थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं काही औषधानं जाणारं नव्हतं.

फोटोत धाकटी मांडीवर वेताची टोपली घेऊन हसत होती. खाली लिहिलं होतं, 'आपल्या भागातली जुनी टोपलीकला शिका. दर शनिवारी, विद्यापीठाच्या संग्रहालयात, सर्वांना प्रवेश.' आसपासच्या लोकांना त्यांचाच वारसा शिकवायची हौस हल्ली विद्यापीठाला आली होती. येऊ दे बापडी. पण शिकवणार कोण, तर धाकटी! तिनं तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर दिले आणि निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून वेत पुन्हा हातात घेतला. इकडे थोरलीनं चाळीस वर्षं वेत भिजवला, सोलला, विणला. बोटांना इतके घट्टे पडले होते की चहाचा कप गरम आहे का गार, हे तिला ओठाला लावल्यावरच कळायचं. पण धाकटीला चार शब्द गोड बोलता येतात ना! बोलणाऱ्याची बोरं विकतात, दुसरं काय.

त्यात आणखी एक बातमी कानावर आली. आईच्या हातच्या टोपल्या सगळ्या बाजारात गेल्या होत्या, घरात एकही उरली नव्हती. आईनं कधीकाळी बाजारात विकलेली एक टोपली कुणीतरी संग्रहालयाला देऊन टाकली होती. ती आता काचेच्या कपाटात होती आणि शेजारी पाटी लागणार होती. ही वीण आज जिच्या हातात जिवंत आहे, तिचं नाव त्या पाटीवर येणार होतं. नाव एकच. ते धाकटीचं लागलं, तर थोरलीनं चाळीस वर्षं काय झक मारली? टोपली पाहायला ती अजून गेली नव्हती, कारण बोलावणं धाकटीनं धाडलं होतं.

पुढच्या शनिवारी मात्र ती गेली. "जरा बघून येते," असं घरी म्हणाली आणि ठेवणीतल्या चपला घालून निघाली.

दालनात पंधरा-वीस माणसं होती. धाकटी लांब टेबलाच्या मधोमध बसली होती आणि शिकणारे तिच्या दोन्ही बाजूंना ओळीनं. थोरली मागून आली, धाकटीच्या खांद्यावरून वाकली आणि तिचे डोळे चमकले. उभ्या काड्यांभोवती पीळ घेत जाणारी वीण उजवीकडे कलत होती. थोरलीच्या हातची वीण डावीकडे कलते. चाळीस वर्षांत एकदाही दुसरीकडे कललेली नाही.

"अगं, तू उलटं शिकवतेयस!" ती म्हणाली. आनंद लपवायचा तिनं प्रयत्नसुद्धा केला नाही.

धाकटी दचकली. "ताई, आपण घरी बोलू या ना."

"घरी कशाला? इथंच बोलू. आई अशी विणायची नाही. तिच्या नावावर लोकांच्या गळ्यात काहीबाही मारू नकोस."

वर्ग चालवणाऱ्या मॅडम पुढे आल्या. माणूस मोठा सरळ. "भांडण कशाला?" त्या म्हणाल्या. "आईंची टोपली आहे की इथं." त्यांनी हातमोजे चढवले, कपाट उघडलं आणि टोपली टेबलावर आणून ठेवली.

वीण उजवीकडे कलत होती. बुडाशी आईची दोन गाठींची खूण होती, तेव्हा शंकेलाही जागा नव्हती. थोरलीनं मॅडमना टोपली उलटी करायला लावली. उलटी केली तरी वीण उजवीकडेच. दालनात कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

ती व्हरांड्यात आली. मागोमाग धाकटी.

"तू आईच्या समोर बसून शिकलीस, ताई. मी शेजारी बसून. समोरून बघितलं की आरशातल्यासारखं होतं. तिचा उजवा हात, तो तुझा डावा."

"आईला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाही?"

"तुझा हात तेव्हा पळायला लागला होता. म्हणाली, आता अडवलं तर बसेल तो. मलाही म्हणाली, ताईला सांगायचं नाही."

आपली वीण चुकल्याचं दुःख थोरलीला झालंच, पण ते सोसण्यासारखं होतं. आई आणि धाकटी यांच्यात एक गुपित होतं आणि ते तिच्याबद्दल होतं, हे तिला सोसवेना. आणि शेजारची जागा धाकटीला कशी मिळाली? तर म्हणे ती लहान होती, काड्या डोळ्यांत जातील म्हणून आई जवळ धरून बसवायची. म्हणजे थोरलीचे डोळे काय वाटेवर पडले होते?

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. शिकायला येणारे वाढले होते. पुढच्या शनिवारपासून ताई दुसरं टेबल सांभाळतील का? "वीण कुठंही कलू दे हो. असा हात आम्हाला दुसरीकडे मिळणार नाही."

थोरलीला त्यात कीव दिसली. तरी ती हो म्हणाली, कारण नाही म्हटलं असतं तर अख्खं दालन धाकटीच्या घशात गेलं असतं.

तिच्या टेबलाला पाच जण आले. "समोर बसायचं," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. "आमच्याकडे समोर बसूनच शिकतात. माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही." पाचातली एक बाई पोस्टातून निवृत्त झालेली, जन्मभर शिक्के मारलेली. बोलणं कमी, पण नजर थोरलीच्या हातांवरून हलायची नाही.

पाटीवरचं नाव तिसऱ्या शनिवारी ठरायचं होतं. मॅडम वही घेऊन दोन्ही टेबलांमधून फिरत होत्या. थोरलीनं पोस्टातल्या बाईची टोपली हातात घेतली, फिरवली आणि पुन्हा फिरवली. वीण उजवीकडे कलत होती. एकसारखी, घट्ट, कपाटातल्या टोपलीसारखी. समोर बसून थोरली उलटं शिकली होती आणि तिच्या समोर बसून ही बाई त्याचं पुन्हा उलटं, म्हणजे सुलटं शिकली होती.

जन्मात धाकटीचा वाटला नसेल इतका हेवा तिला त्या बाईचा वाटला. धाकटी निदान आईच्या पोटची होती. ही कोण कुठली? आणि तीन शनिवारांत आईचा हात घेऊन बसली!

"चुकलंय," थोरली म्हणाली. "उसवा."

बाईनं टोपली परत घेतली आणि उसवायला लागली. एक फेरा सुटला. दुसरा सुटला. वेत सळसळत टेबलावर पडत होता आणि थोरली बघत होती. तिसऱ्या फेऱ्याला तिला राहवेना.

"थांबा," ती म्हणाली आणि तिनं बाईचा हात धरला. "तुमचं बरोबर आहे. ही माझ्या आईची वीण आहे."

मॅडम वही घेऊन तिथंच थांबल्या. पलीकडच्या टेबलावरचे हातही थांबले.

बाईनं गोंधळून वर पाहिलं. "मग उसवायला का सांगितलंत?"

"मला येत नाही म्हणून," थोरली म्हणाली, पलीकडच्या टेबलावर धाकटीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.