राक्षसाची तपासणी

बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाली, पण त्यांच्या नाकाला ते कुणी कळवलंच नव्हतं. झोपायच्या आधी घरभर हुंगत फिरायचं, प्रत्येक दाराची कडी चाचपायची, मग माणसं मोजायची. माणसं किती, तर आई आणि लेक. दोन! पण नाही, मोजायचीच, आणि शंका आली की लेकीला हलवून जागं करून पुन्हा मोजायचं.

या छळाला कंटाळून लेकीनं गाणं लिहिलं. ती हेवी मेटल गायची, म्हणजे घशात खडी भरल्यासारखी ओरडायची. गाण्यात राख पांघरलेला राक्षस होता. तो दारं हुंगायचा, माणसं मोजायचा, कुणाला सुखानं झोपू द्यायचा नाही. शेवटच्या कडव्यात त्याचा मुडदा पडायचा. राक्षस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. तिच्या बँडची स्पर्धा शनिवारवर आली आणि नेमकी सरावाची जागा हातची गेली. उरलं फक्त बाबांचं गॅरेज.

"गॅरेज देतो," बाबा म्हणाले, "पण आत काय ओरडणार ते आधी लेखी द्या."

झालं! लेकीचं धाबंच दणाणलं. आईनं गाणं आधीच वाचलं होतं. ती शेंगा सोलत गालातल्या गालात हसत बसली.

बाबांनी चष्मा चढवला, लाल पेन्सिल काढली आणि इमारत तपासावी तसं गाणं तपासायला घेतलं. "जिना पेटलाय, आणि ही मंडळी गच्चीवर काय करतायत? खाली उतरा म्हणावं!"

"बाबा, गच्ची म्हणजे स्वातंत्र्य. अर्थ तसा घ्यायचा असतो."

"स्वातंत्र्याला धूर लागत नाही होय?" त्यांनी गच्चीवर काट मारली. दुसरं कडवं आलं आणि पेन्सिल थांबली. आता गेलं गॅरेज, लेक मनात म्हणाली.

"हा राक्षस नाही," बाबा म्हणाले.

"मग कोण?"

"अगं, खाणारा कशाला मोजत बसेल? ज्याच्या हातून एकदा कुणी आत राहून गेलं, तो मोजतो."

आईचे हात थांबले. एवढ्या वर्षांत लेकीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कोण राहिलं होतं, बाबा?"

"सांगेन कधीतरी." त्यांनी गाण्याच्या खाली लिहिलं: मंजूर. एका अटीवर. "शेवटी याला मारू नका. दमलाय बिचारा. झोपू द्या."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात ड्रमवाला, गिटारवाली आणि लेक उभे राहिले. बाबा वाळूची बादली घेऊन आले, वायरी हुंगल्या, बोट फिरवून मोजलं. "तीन. बरोबर."

"चूक," लेक म्हणाली. "चार. स्वतःला कोण मोजणार?"

बाबा गोंधळले. त्यांनी पुन्हा मोजलं, आणि या खेपेला बोट स्वतःच्या छातीशी आलं. लेकीनं दाराजवळ खुर्ची ठेवली. ते बसले.

मग जो काय गदारोळ सुरू झाला! पत्रे थरथरले, शेजाऱ्यांचं कुत्रं पळालं. लेक राक्षसाच्या कडव्यापर्यंत आली तेव्हा बाबा मान टाकून घोरत होते.