मशीनला दिलेली चक

गिटार वाजवतो म्हटलं की लोकांना वाटतं, मी स्टेजवर पुढे उभा राहून बोटं नाचवत असेन. तसलं काही नाही. माझं काम एवढंच, की दोन ठोक्यांच्या मधे जी रिकामी जागा असते तिथे 'चक' करायचं. तारा दाबायच्या, एक झटका द्यायचा, आणि आवाज पसरायच्या आत बोटं सैल सोडायची. संपलं. जमैकात, किंग्स्टनमधल्या निम्म्याअधिक रेगे गाण्यांत ती चक माझी आहे. तबकडीवर नाव गायकाचं, फोटोही त्याचाच. गायक काय, येतात, देवाचं नाव घेतात, बेसूर होतात आणि जातात. आम्ही वादक तिथेच असायचो.

मग वाद्याचा आवाज भरून घेऊन स्वतःच वाजवणारं मशीन आलं. सगळ्यात आधी ड्रमर गेला, म्हणजे युस्टेस. माझा जुना दोस्त, माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा राहिलेला. स्टुडिओचे मालक मिस्टर बॅरंट यांनी ते मशीन टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा युस्टेसने शिव्या घातल्या नाहीत. खुर्ची ओढली आणि ते चालवायला शिकला. बेसवाला लंडनला बस चालवायला गेला. माझं बोलावणं कमी होत होत थांबलं, आणि मी स्टुडिओबाहेरच्या आंब्याखाली डॉमिनो आपटत बसायला लागलो. उरलेला बँड तिथेच असायचा, फक्त वाजवत कोणी नव्हतं.

घरी मर्लीनने डोकं खाल्लं होतं. तिचा भाऊ ओचो रिओसला, समुद्रावरच्या पर्यटकांच्या एका हॉटेलात मॅनेजर.

"गवताची टोपी घालायची, जेवणाऱ्या गोऱ्यांसमोर हसत हसत वाजवायचं. काय जातंय तुझं?"

"मला हसायला जमत नाही."

"मग दात दुखल्यासारखं तोंड कर. त्यांना फरक कळत नाही. पण रविवारच्या आत सांग लॅस, नाहीतर तो दुसरा माणूस घेईल. आणि एकदा घेतला की घेतला."

शुक्रवारी युस्टेस स्वतः झाडाखाली आला. "लॅसेल्स, उद्या सकाळी ये. गिटार घेऊन ये," म्हणाला. माझ्या तोंडाकडे काही बघितलं नाही त्याने. मी घरी जाऊन मर्लीनला सांगितलं, "भावाला नाही म्हणून कळव. स्टुडिओने परत बोलावलंय." ती माझा शर्ट इस्त्री करत होती. "नक्की ना?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, नक्की.

शनिवारी नव्या तारा चढवून गेलो. मोठी खोली रिकामी.

"बाकीचे कुठेत?"

"बाकीचे कोणी नाहीत. तू आणि मी."

"गाणं कुठलं आहे?"

"गाणं नाही," युस्टेस म्हणाला. "एक चक दे."

"म्हणजे?"

"एक. फक्त एक. मग थांब."

दिली. त्याने बटण दाबलं आणि मशीन चक, चक, चक करत सुटलं. आवाज माझाच होता. फक्त एक कमी होतं. माझी चक नेहमी केसभर उशिरा पडते, तो माझा स्वभाव आहे. युस्टेसने एक बटण थोडं फिरवलं आणि तो उशीरही आला. बरोब्बर माझा. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून ऐकलेला तो. त्याला कोण शिकवणार!

राग यायला हवा होता. मी तसा तापट माणूस आहे, एका बेसूर गायकाच्या अंगावर स्टूल फेकलेलं आहे मी. त्या दिवशी काहीच आलं नाही. दात काढण्याआधी हिरडीला सुई देतात आणि गाल आपला वाटेनासा होतो, तसं अंगभर झालं होतं. तो कॉर्ड सांगत गेला, मी देत गेलो. मेजर, मायनर, वरचा, खालचा.

मधे मिस्टर बॅरंट डोकावले. ऐकून खूश झाले.

"वा! हा लॅसेल्स आता कधी आजारी पडायचा नाही!" म्हणाले आणि हसले. मीही हसलो. मर्लीनने बघितलं असतं तर म्हणाली असती, जमतंय की.

ते गेले. मी गिटार पेटीत ठेवली, आणि तेव्हा बोललो, "युस्टेस, एक मायनर कॉर्ड बिघडलाय. जाड तार खरखरली."

"ऐकलं मी."

"मग?"

त्याने उठून दार लावलं. "राहू दे तसाच. गाणं त्या कॉर्डवर आलं की खरखर होईल, साहेब ओरडतील, मी म्हणेन लॅसेल्सला बोलवा. तेव्हा दुसरा बिघडवू. मग तिसरा. कळतंय का गाढवा? मशीनमध्ये माझे ड्रम भरले तेव्हा मी सगळे ठोके चोख देऊन बसलो. मोठा शहाणा! तू तरी तसं करू नकोस. एवढंच करू शकतो मी तुझ्यासाठी."

मी पेटीच्या झाकणावर हात ठेवून बसून राहिलो. खरं बोलत होता तो. ती खरखर म्हणजे माझी उद्याची भाकर होती, आणि हॉटेलचं दार तर मीच लावून आलो होतो. पण दर शनिवारच्या नाचात कपाटाएवढ्या स्पीकरांतून ती बिघडलेली चक येणार, पुन्हा पुन्हा, तीच. माझं नाव कुठे छापलेलं नसलं तरी आंब्याखालच्या एकेकाला कळणार, ही लॅसेल्सची. दुःख नव्हतं, अभिमानही नव्हता. दाढी अर्धी राहिलेला माणूस घराबाहेर पडत नाही, तेवढंच ते होतं.

मी गिटार बाहेर काढली.

"मूर्ख आहेस," युस्टेस म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, माझे कोरडेच होते.

"लाव मशीन."

त्याने लावलं. मी दिली. स्वच्छ आली. त्याने बिघडलेली पुसून टाकली आणि ती तिथे बसवली.

घरी मर्लीन अंगणात मासे तळत होती.

"भावाला सकाळीच फोन करून नाही म्हटलं," ती म्हणाली. "त्याने लगेच दुसरा घेतलासुद्धा. मरू दे. तुझं सांग, कसं झालं? पुन्हा कधी बोलावलंय?"

"आता नाही बोलावणार," मी म्हणालो. "फार चांगलं झालं."