दोरीच्या आतलं शिखर

"एकदा चमकलं तर होय, दोनदा चमकलं तर नाही! शिखराला जीभच नाही, मग ते खोटं बोलेल कसं?"

गावात नव्याने आलेल्या शिखरबाबांनी पिवळी छत्री उंचावली तशी चौथऱ्यावरच्या गर्दीने माना वर केल्या. समोर ते प्रचंड पांढरं शिखर होतं. तिथे चढायचं म्हणजे अनुभवी वाटाड्यालाही कितीतरी दिवस लागत. हे गावच वाटाड्यांचं. दोर, कुऱ्हाडी आणि तंबू हेच इथल्या माणसांचं जगणं. गेल्या कित्येक दिवसांत कुणीच वर गेलेलं नाही, म्हणजे वर माणूस नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण तरी शिखर चमकायचं! जिथे माणूस पोचत नाही, तिथे देवच असणार, असा हिशोब सगळ्यांनी मनात मांडून टाकला होता.

चौथऱ्याभोवती बाबांनी दोरी बांधली होती. "दोरीबाहेरून पाहिलंत तर शिखर आंधळं होईल," असं त्यांनी बजावलं होतं. वाटाड्यांना निरोप द्यायला घरची माणसं नाहीतरी पिढ्यान्‌पिढ्या याच चौथऱ्यावर उभी राहत. त्यामुळे दोरीचं कुणाला काही वाटलं नाही.

तंबू शिवणारी ताई पुढे झाली. तिची मुलगी भिंगरी. एके काळी नावाप्रमाणे घरभर गरगरायची. आता दोन पायऱ्या चढली तरी ओठ निळे पडत. तिच्या हृदयाला छिद्र होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बर्फाने घाट बंद व्हायच्या आत हिला खालच्या शहरात न्या. ऑपरेशन पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका."

"माझ्या लेकीचं ऑपरेशन करू का?" ताईने विचारलं.

बाबांनी डोळे मिटले, छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. शिखर दोनदा चमकलं.

"नाही म्हणतंय! बाई, हृदय देवाने घडवलं, त्याला सुरी कशाला? शिखराचं पाणी पाज." पाण्याच्या बाटल्या शेजारीच रांगेत मांडलेल्या होत्या.

संध्याकाळी ताईचा धाकटा भाऊ घरी आला. तोही वाटाड्या होता. भिंगरी चालायला शिकली ती याचं बोट धरून आणि दमायला लागली तेव्हापासून फिरली ती याच्याच खांद्यावरून. ताईने त्याला पान वाढलं आणि डोळ्याला पदर लावत सगळं सांगितलं. "शिखर नाही म्हणालं रे."

भावाचा घास क्षणभर हातातच राहिला. मग तो म्हणाला, "देवाच्या मनात असेल तसं," आणि त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आतून भिंगरी म्हणाली, "आई, शिखर नव्हतं चमकलं. त्याच्या पुढचा सुळका चमकला."

"गप गं! तू होतीस का तिथे?"

"चौथऱ्यावर चढवत नाही म्हणून इथेच खिडकीत बसले होते. इथून नीट दिसतं."

ताईने तिला दटावलं खरं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवशी ती चौथऱ्यावर गेलीच नाही. शिवणखोलीच्या खिडकीत बसली आणि बघतच राहिली. इथून शिखर एका बाजूला आणि जवळचा बर्फाळ सुळका दुसऱ्या बाजूला, दोन्ही चांगले वेगवेगळे दिसत होते. लखलखाट होत होता तो सुळक्यावर. आणि प्रत्येक वेळी आधी ती पिवळी छत्री उघडत होती! ताई तशीच धावत दवाखान्यात गेली.

तिसऱ्या दिवशी बाबांची बडबड रंगात आली असताना डॉक्टरीणबाईंनी खुशाल दोरी ओलांडली. "एक डोळा मिटा आणि अंगठा शिखरावर धरा. आता तो डोळा उघडा, दुसरा मिटा. अंगठा सरकला ना? जवळची वस्तू लांबच्या वस्तूवर कुठे दिसेल, ते तुम्ही कुठून बघता त्यावर ठरतं. या चौथऱ्यावरून सुळका शिखरावर येतो, पांढऱ्यावर पांढरा. चला, ताईंच्या अंगणातून बघू."

"आंधळं होईल! शिखर आंधळं होईल!" बाबा ओरडले.

"होऊ दे. आम्हाला डोळे आहेत," एक म्हातारा वाटाड्या म्हणाला आणि दोरीखालून वाकून बाहेर पडला. मग बाकीचेही निघाले.

ताई मात्र चौथऱ्यावरच थांबली. तिने बाबांच्या हातातली छत्री हिसकावली आणि उघडली. अंगणातून गलका उठला, "सुळका चमकला!" तिने दोनदा उघडली. सुळका दोनदा चमकला. तिने उघडमीट सुरूच ठेवली, तसा तो बिचारा देव गोंधळून लुकलुकायला लागला. लोक पोट धरून हसले. बाबांनी पाण्याच्या बाटल्या गोळा करायला घेतल्या.

शिखरासारखं नाही, सुळक्यावर माणूस सकाळी चढून संध्याकाळी परत येऊ शकतो, आणि त्याची पायवाट गावातच उतरते. तिच्या तोंडाशी सगळे देवाची वाट बघत थांबले. उन्हं कलताना देव खाली आला. त्याच्या पाठीवर ताईनेच शिवलेली पिशवी होती आणि पिशवीत तिच्याच न्हाणीघरातला आरसा. फुटला म्हणून भावाने सांगितलं होतं, तोच.

हसणं जागच्या जागी थांबलं.

"ताई, प्रश्न मला ऐकू येत नव्हते गं," तो कसाबसा म्हणाला. "छत्री दिसली की चमकवायचं, एवढंच माझं काम. तो प्रश्न भिंगरीचा होता हे मला ठाऊक नव्हतं, शपथ!"

"दुपारी ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी तुझ्या पानाशी बसून सांगितलं," ताई म्हणाली. "त्यानंतर तू जेवलास."

ताईला रडू आलं नाही. तिला किळस आली. बाबा काय, परका भामटा होता. पण याच्या खांद्यावर तिने लेक निर्धास्त सोपवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली तेव्हा घाटात बर्फ भुरभुरू लागला होता. भिंगरीला उचलायला भाऊ पुढे आला. भिंगरीने सवयीने हात वर केले. ताईने ते हात हलकेच खाली घेतले आणि धापा टाकत तिला स्वतः जीपपर्यंत नेलं.

घाट बंद व्हायच्या आत त्या खाली पोचल्या आणि भिंगरीचं ऑपरेशन झालं. पण ते एका सहा वर्षांच्या पोरीच्या नजरेमुळे झालं, हे विसरू नका. कुणी चमत्कार दाखवताना 'इथूनच बघा' म्हणालं, की दोन पावलं बाजूला व्हा आणि तिथून बघा. सांगणारा परका असो की घरचा, बघायला लाजू नका. ताई लाजली असती, तर आज तिची लेक नसती.