वरची गाठ, खालची गाठ

घरच्या सूनबाईने मला न मोजताच रोगी ठरवलं. हे मी विसरणार नाही.

मी एक जुनी गाय आहे. मित्रांनो म्हणते तुम्हाला, पण वयाने तुम्ही माझी नातवंडंच. माझी सात वेतं झाली. गोठ्यातल्या निम्म्या गाई माझ्या लेकी-नाती. शाळा पाहिली नाही, पण गुरांच्या डॉक्टरीणबाई बोलतात ते कान टवकारून ऐकते.

माझ्या शेजारची गाय क्षयाने वर्षभर खोकत होती. ती गेली, समोरच्या दोघी गेल्या. मी रवंथ करत उभीच. मग डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची तपासणी लावली. मानेवर दोन सुया टोचल्या. वरची पाखरांच्या क्षयाची, खालची गुरांच्या क्षयाची. सुईत जिवंत जंतू नसतो, त्याचा नुसता अर्क असतो. अंगातल्या ज्या पेशींनी तो वैरी आधी पाहिलाय, त्या तिथे धावून येतात आणि कातडी सुजते. सूज तिसऱ्या दिवशी मोजायची.

सूनबाईला दम कुठला! दुसऱ्याच दिवशी तिच्या हाताला वरची गाठ लागली.

"हिलाही लागलं बाई," म्हणाली, आणि मला तान्ह्या वासरापासून तोडून पार भिंतीकडे बांधलं. मला न्यायला गाडी सांगितली. वासरू दिवसभर हंबरलं. मी हंबरले नाही, पण पाण्यालाही तोंड लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कातडी मापात धरली.

"फुगलीय ती वरची. गव्हाणीत पाखरं दाणे टिपतात, त्यांच्या जंतूशी झालेली ओळख आहे ही, गुरांचा क्षय नव्हे. खालची जागची हललीसुद्धा नाही."

"म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे गाडी परत पाठवा."

जाताना त्यांनी माझं रक्त नेलं. अख्खं वर्ष खोकल्याशेजारी काढून ही वाचली कशी, ते त्यांना पाहायचं होतं. महिन्याने सांगायला आल्या. काही गाईंच्या पेशी जंतूला गिळतात खऱ्या, पण तो आतच बिऱ्हाड करतो. माझ्या पेशी गिळतात आणि मारूनही टाकतात. पाहुणा म्हणून शिरायचं आणि मालक व्हायचं, हे आमच्यात चालत नाही.

ते ऐकून सूनबाई माझी पाठ थोपटायला आली. मी मान वळवून तिला स्पष्टच सांगितलं,

"खालची फुगली असती, तर या लेकी-नातींसाठी मी आपल्या पायांनी गाडीत चढले असते. पण सूनबाई, पुन्हा न मोजता कुणाला वासरापासून तोडलंस, तर गाठ माझ्याशी आहे."