अबिती माटोलांच्या फुफ्फुसाचा आकडा

अबिती माटोलांच्या रक्तातले दोन आकडे एकमेकांशी पटवून घेत नव्हते, आणि झियोने काचाले या नर्सला त्या भांडणाने झपाटलं होतं.

बाई मंगोचीहून आल्या तेव्हा श्वास दोन शब्दांपलीकडे जात नव्हता. हृदय दमलं, मागे पाणी तुंबलं, ते फुफ्फुसात शिरलं. फुफ्फुसाचं अस्तर झिजलं की त्याचं एक प्रथिन रक्तात झिरपतं. त्याचाच अभ्यास वॉर्डात चालू होता. रोज सकाळी सातला झियोने रक्ताच्या दोन नळ्या भरून घ्यायची. एकीतून हृदयाचा ताण कळे, दुसरीतून फुफ्फुसाची झीज. आठ दिवसांत पायांची सूज उतरली, हृदयाचा आकडा निम्म्यावर आला. फुफ्फुसाचा मात्र चढत चालला होता.

"तो उतरल्याशिवाय घरी नाही," डॉक्टर चिसाले म्हणाले.

"शनिवारी माझ्या नातीचं लग्न आहे," अबिती उसळल्या. "आणि चढतंय ते तुमच्या नळीत. मी ठणठणीत आहे."

डॉक्टरांनी झियोनेकडे पाहिलं. "नळी उन्हात नाही ना राहिली?"

हे तिला झोंबलं. कापसाचे उरलेले बोळेसुद्धा मोजून ठेवणारी बाई ती. तिने आपली वही काढली. हृदयाच्या रोग्यांना मीठ वर्ज्य, म्हणून कोणी काय खाल्लं ते ती रोज आकड्यांशेजारी टिपायची. रकान्यावरून बोट फिरवताना ते एके जागी अडलं. फुफ्फुसाचा आकडा एकदाच उतरला होता, गेल्या शनिवारी सकाळी. आदल्या दिवशी लिहिलेलं: 'मशिदीच्या बायकांनी आणलेला भात.' बाकी सगळे दिवस मक्याच्या पिठाची घट्ट घोटलेली न्सिमा आणि बारीक मासळीचं कालवण.

भाताने फुफ्फुस सुधारतं? झियोनेला स्वतःचंच हसू आलं. तरी अकरा वाजता ती ते कालवण बघायला निघाली.

इस्पितळामागे रोग्यांच्या नातेवाइकांची रांधायची शेड. ठेंगणा पत्रा, तीस चुली, ओली लाकडं. धुरात आधी काही दिसेना. मग दिसला इस्पितळाचा निळा झगा. पालथ्या बादलीवर बसून अबिती माटोला न्सिमात भलंमोठं उलथणं फिरवत होत्या.

"अबिती!"

"ओरडू नकोस पोरी, गाठी होतील."

शेजारी सून असियातू रिकाम्या हातांनी उभी. "मी नको म्हटलं, सिस्टर. तर म्हणाल्या, तुझ्या न्सिमापेक्षा इंजेक्शन बरं."

"मग? पीठ टाकते ते जसं काही कोंबड्यांना."

"रोज येता इथे?"

"दोन्ही वेळा. शुक्रवारी आयता भात आला, मग कशाला येऊ?"

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय खाल्लं ते विचारायचीस. कोणी रांधलं ते कधी विचारलंस?"

वहीत तो रकानाच नव्हता.

"लग्नाला जायचंय ना? मग आजपासून या धुरात पाऊल नाही."

"आणि जेवू काय? गाठी?"

तोड निघाली. वॉर्डाच्या टोकाची खिडकी वाऱ्याच्या वरच्या अंगाला होती, धूर तिकडे येत नसे. असियातूने चूल शेडबाहेर, खिडकीतून दिसेल अशी मांडली, सासूबाई खिडकीत बसल्या. "पीठ टाक! हळू! मनगट मोडलंय का?" सगळा वॉर्ड जेवणाआधी तोंडी लावल्यासारखं ते ऐकायचा.

गुरुवारी फुफ्फुसाचा आकडा जरासा उतरला. शुक्रवारी चांगलाच. डॉक्टरांनी घरी सोडायच्या कागदावर सही केली; वर 'चुलीपासून लांब' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

"धुरानेच चढला होता?" त्यांनी विचारलं.

"एका बाईवरून कसं सांगू?" झियोने म्हणाली. तिने वहीत नवा रकाना आखला होता आणि पुढच्या खाटेकडे वळली होती.

गाठोडं बांधताना अबितींनी असियातूच्या हातची न्सिमा खाल्ली. बोटांनी चाचपली, गाठ सापडली नाही. ताट पुन्हा पुढे केलं.

"उद्या तूच रांध," शेवटी म्हणाल्या. "मी लांब बसेन. पण आवाज पोचेल इतक्याच लांब."